पंबा आणि पऱ्हाटी

यवतमाळहून धामणगावच्या रेल्वेस्थानकाकडे जाणाऱ्या सडकेवर वसलेल्या बाभुळगावच्या परिसरात कापसाच्या संबंधाने जे शब्द बोलले जातात ते पुढील पानांत संगृहीत केले आहेत. परंतु त्या संग्रहात प्रवेश करण्यापूर्वी एका अशा शब्दाचा विचार करणे मला अवश्य वाटते, की जो या संग्रहात आलेला नाही, आणि ज्याची अनुपस्थिती ध्यानी घेतल्यावाचून उपस्थित शब्दांचा इतिहास नीट उमगत नाही. तो शब्द म्हणजे फारसी भाषेतील कापसाचे नाव 'पंबा'. लिहिताना त्यात नकार लिहितात, उच्चारताना त्याचा मकार होतो, आणि आजच्या तेहरानात शेवटचा स्वर एकाराकडे झुकून तो 'पंबे' असा ऐकू येतो. इस्लामपूर्व काळच्या मध्य-फारसीत त्याचे रूप 'पंबग' असे होते. त्यापलीकडे त्याचा माग अस्पष्ट होत जातो.

वऱ्हाडात फारसी दफ्तराचा अंमल थोडाथोडका चालला नाही. बहमनी राज्य विस्कटल्यावर १४९० मध्ये अचलपुरास इमादशाही उभी राहिली. पुढे हा मुलूख निजामशाहीकडे, १५९६ मध्ये मोगलांकडे आणि १७२४ नंतर हैदराबादच्या निजामाकडे गेला. मध्यंतरी निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुअमली रयतेने सोसली, आणि १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाडाचा कारभार हाती घेतला तेव्हाही जमाबंदीची परिभाषा तीच राहिली. 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत बाभुळगावच्या शेजारचे कळंब हे एक सरकार म्हणून येते, तर यवतमाळचा परगणा 'योत-लोहारा' या नावाने आढळतो. जिल्ह्याच्या नावातील 'माळ' हा अंश डोंगरमाळाचा नसून परगण्याच्या मुख्य ठिकाणास लावल्या जाणाऱ्या 'महाल' या अरबी शब्दाचा अपभ्रंश आहे, असे गॅझेटियरकार सांगतात. ते खरे धरले तर या जिल्ह्याचे नाव उच्चारणारा प्रत्येक माणूस नकळत जुन्या महसुली दफ्तरातील एक शब्द उच्चारत असतो.

अशा मुलखात कापूस पिकवणारा माणूस स्वतःला शेतकरी म्हणण्यापेक्षा 'कास्तकार' म्हणवून घेणे अधिक पसंत करतो. त्याची 'जमीन' फारसी, त्याचा 'हंगाम' फारसी, तो हंगाम ज्या 'खरिपा'चा तो खरीप अरबी, त्याने वर्षाच्या कराराने ठेवलेला 'सालदार' फारसी, रोजाने लावलेला 'मजूर' फारसी. 'माल' घेऊन तो 'बाजारा'त जातो, तेथे 'दलाल' त्याचा 'नमुना' पाहतो, 'तराजू'वर 'वजन' होते, 'हर्रास' बोलला जातो, 'किंमत' ठरते आणि आलेल्या रकमेतून 'कर्ज' फेडून उरले तर तो घरी येतो. यांतील एकेक शब्द फारसी किंवा फारसीच्या वाटेने आलेला अरबी आहे. प्रत्येक तालुक्यात ज्याची पाटी दिसते त्या 'खरेदी-विक्री संघा'च्या नावात तर घेणाऱ्याची क्रिया फारसीतून आली आहे आणि देणाऱ्याची संस्कृतातून. याला उलट उदाहरणही आहे, ते लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही : कर्ज अरबी असले तरी ते देणारा सावकार अस्सल इकडचा, 'साधुकार' या संस्कृत शब्दाचा वंशज, त्या मूळ अर्थाची आठवण ठेवणारे ऋणको मात्र आता विरळ.

या सगळ्या लवाजम्याच्या मध्यभागी जी वस्तू आहे तिचे नाव मात्र कापूस. ज्या झाडावर ती येते ते झाड पऱ्हाटी. तिच्या कळ्या ती पाती, फळ ते बोंड, बी ती सरकी, काढणी ती वेचणी. यांत पंबा कोठेही नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतील फारसी शब्दांचे प्रमाण काळाच्या ओघात कसे चढले आणि कसे उतरले याची गणना केली. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला. या दोन्ही श्रमांमुळे आपल्याला एक गोष्ट स्वच्छ दिसू लागली, ती ही की फारसी मराठीत आली ती कचेरीच्या, फौजेच्या आणि पेठेच्या दारांतून. मोजणे, आकारणे, लिहिणे, वसूल करणे आणि विकत घेणे या क्रियांना तिने नावे दिली. पेरणे, डवरणे आणि वेचणे यांची नावे तिला बदलता आली नाहीत. तिने तसा यत्नही केला नसावा, कारण बोंडाला काय म्हणतात याच्याशी जमाबंदीच्या कारकुनाला कर्तव्य नव्हते, त्यातून सरकारात किती भरणा होणार एवढ्याशीच होते.

शिवाय वस्तूचे नाव प्रायः वस्तूबरोबर प्रवास करते, आणि कापूस इराणातून आपल्याकडे आलेला नाही. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकातील एका तांब्याच्या मण्यात कापसाचे तंतू अडकलेले सापडले आहेत. मोहेंजोदडोच्या रुप्याच्या भांड्यास चिकटलेल्या कापडाच्या तुकड्याची परीक्षा तर आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कापूस तंत्र-प्रयोगशाळेत झाली, आणि गुलाटी व टर्नर या शास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये तो कापूसच असल्याचा निर्वाळा दिला. पेरिप्लस हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नावाड्याचे टिपण पैठण आणि तेर येथून भडोचच्या बंदराकडे गाड्या भरून जाणाऱ्या कापडाचा उल्लेख करते, आणि त्या कापडाच्या कच्च्या मालास 'कार्पासोस' म्हणते. हा आपला 'कर्पास'च. तो मुळात संस्कृताचा की त्याहून पुरातन अशा एखाद्या मुंडा-कुलीन भाषेचा, यावर भाषापंडितांत वाद आहे, आणि माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. तथापि तो या भूमीतला आहे याविषयी दुमत नाही.

आता गंमत अशी, की फारसीचा शब्द इकडे आला नाही, पण इकडचा शब्द फारसीत गेला. जाड्याभरड्या सुती कापडास फारसीत 'कर्बास' म्हणतात. आपल्या मांजरपाटासारखे हे कापड, गरिबाच्या अंगावर आणि मेल्यावर कफनास उपयोगी पडणारे. दोन माणसे सारख्याच लायकीची आहेत असे सांगताना आपण त्यांना एकाच माळेचे मणी म्हणतो, तर इराणी माणूस त्यांना एकाच कर्बासाची दोन टोके म्हणतो. याहून जुना पुरावा यहुद्यांच्या धर्मग्रंथात आहे. जुन्या करारातील एस्तेरच्या पुस्तकात इराणच्या राजाने शूशन नगरीत दिलेल्या मेजवानीचे वर्णन आहे, आणि त्या राजवाड्याच्या पडद्यांच्या वर्णनात जो 'कर्पस' शब्द आला आहे तो हाच. म्हणजे इराणी सम्राटाच्या दरबाराचे हे जे जुने शब्दचित्र उपलब्ध आहे त्यात कापसाचे नाव पंबा नाही, कर्पास आहे. पुढे बगदादेत नवव्या शतकात अल्-कराबीसी नावाचे एक विख्यात धर्मशास्त्री होऊन गेले. त्या उपनामाचा अर्थ सुती कापडाचा व्यापारी. पैठणच्या गाड्यांतील मालाचे नाव बगदादच्या एका पंडिताच्या आडनावात जाऊन बसावे, याचे आपल्या व्युत्पत्तिकारांना पुरेसे कौतुक वाटलेले मला दिसले नाही.

पंबा हा शब्द मग गेला कोठे? तो पश्चिमेस गेला, आणि विलक्षण रीतीने गेला. इराणात कापसाची लागवड जोरात पसरली ती अरबांच्या विजयानंतरच्या पहिल्या दोनतीन शतकांत. रिचर्ड बुलिएट या अमेरिकन इतिहासकाराने नीशापूर, कुम या नगरांच्या उदयाचा संबंध या कापसाशी जोडला आहे, आणि पुरुषांनी रेशीम नेसू नये या धर्माज्ञेमुळे सुती वस्त्रास कशी प्रतिष्ठा लाभली हे दाखवले आहे. त्या कापसाबरोबर त्याचे नाव निघाले. आर्मेनियात ते 'बंबाक' झाले, जॉर्जियात 'बांबा', तुर्कांत 'पामुक'. २००६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे कादंबरीकार ओरहान पामुक यांचे आडनाव आपल्याकडे 'कापसे' असे लिहिता येईल, आणि कापसे हे आडनाव आपल्याला परके नाही. तुर्कांकडून ते हंगेरीत 'पामुत' म्हणून गेले. ग्रीकांनी त्याचे 'बंबाकिओन' केले; त्यांच्याकडे रेशमाच्या किड्याला 'बॉम्बिक्स' हे नाव आधीच होते, तेव्हा दोहोंचा गोंधळ उडून लॅटिनात 'बॉम्बाक्स' असे एक धेडगुजरी रूप जन्मास आले. इटलीत 'बांबाजा', रुमानियात 'बुंबाक'. रशियात हाच शब्द 'बुमागा' या रूपाने पोहोचला तेव्हा त्याने कापसाचा अर्थ मागे टाकून कागदाचा घेतला, आणि आज रशियन कारकून ज्याच्यावर शिक्का मारतो ते कागदपत्र म्हणजे मूळचा पंबाच होय. इंग्लंडात सोळाव्या शतकात उमराव लोक अंगरख्यात कापूस ठासून छाती भरदार दाखवीत, त्या ठासलेल्या कापसास 'बॉम्बास्ट' म्हणत. पुढे त्याच शब्दाने फुगवलेल्या, पोकळ वक्तृत्वाचा निर्देश होऊ लागला. आपल्याकडे निवडणुकीच्या हंगामात कापसाच्या भावावर जी व्याख्याने होतात त्यांना इतका अन्वर्थक शब्द मराठीत नाही, याची खंत वाटते.

खुद्द इराणात पंबा हा शब्द वाक्प्रचारांत फार मुरलेला आहे, आणि ते वाक्प्रचार वाचताना ठिकठिकाणी आपल्या घरचे माणूस भेटल्यासारखे होते. कानात पंबा घालणे म्हणजे आपले कानात बोळे घालून बसणे. कातलेले सगळे पुन्हा पंबा झाले, असे ते केल्या कष्टांवर पाणी पडल्यावर म्हणतात. कोणाचे बिंग फोडून त्याला उघडे पाडणे म्हणजे त्याचा पंबा पिंजणे. गोड बोलून घात करणाऱ्याविषयी ते म्हणतात की हा पंब्याने गळा चिरतो. आपल्याकडे केसाने गळा कापतात, तिकडे कापसाने, आणि कापसाने गळा कापण्याची कल्पना यवतमाळच्या कास्तकारास समजावून सांगावी लागणार नाही. अशक्य मनोराज्ये करणाऱ्यास उद्देशून तिकडे म्हण आहे की उंटाला स्वप्नात सरकी दिसते. बाभुळगावच्या गोठ्यात उंट नाही. परंतु सरकीच्या ढेपेचा वास आल्याबरोबर दावे ताणणारी म्हैस ज्याने पाहिली आहे त्याला त्या उंटाचे स्वप्न परके वाटू नये.

एका समाजाच्या नावात मात्र फारसी-अरबी कापूस आपल्या गावांपर्यंत आला. गाद्या-रजया भरून देणाऱ्यास आपण पिंजारी म्हणतो. त्याच्या समाजास नद्दाफ व मन्सूरी अशीही नावे आहेत. नद्दाफ म्हणजे अरबीत कापूस पिंजणारा. मन्सूरी या नावाची कथा अधिक खोल आहे. 'अनल्हक' म्हणजे 'मीच सत्य' असे उद्गार काढल्याबद्दल प्रसिद्धी पावलेला आणि ९२२ मध्ये बगदादेत देहदंड भोगलेला सूफी साधक हुसेन इब्न मन्सूर हा 'हल्लाज' म्हणून ओळखला जातो, आणि हल्लाज म्हणजेही कापूस पिंजणारा, सरकी वेगळी करणारा. त्याने एका पिंजाऱ्याला आपल्या कामासाठी बाहेर पाठवले आणि तो परत येतो तो दुकानातील सारा कापूस पिंजून तयार, अशी आख्यायिका आहे. त्याचे पालकत्व मानून हा समाज स्वतःस मन्सूरी म्हणवतो. छताला टांगलेली, माणसाच्या उंचीची ती कमान, तिला ताणलेली आतड्याची तात, तातीवर पडणारा लाकडी मुठीचा ठोका, आणि त्या ठोक्यासरशी घट्ट बसलेल्या कापसाच्या ढेपळ्यातून तंतू न् तंतू मोकळा होऊन हवेत तरंगणे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना एका सूफीचे नाव या धंद्याला का चिकटले हे कोणी सांगायला नको. आज विजेच्या यंत्राने ते काम क्षणात होते आणि त्या तातीचा आवाज गल्लीत ऐकू येत नाही. तरीही हे ध्यानात घ्यावे, की या समाजाने धंद्याचे नाव अरबीतून घेतले, आणि ज्या वस्तूवर तो धंदा चालतो तिला मात्र तोही कापूसच म्हणतो.

पंब्याचा आणखी एक अवतार आहे, आणि बाभुळगावच्या वाचकाने त्याजकडे विशेष लक्ष द्यावे. तुर्की भाषेत 'पेंबे' म्हणजे गुलाबी रंग, आणि हा शब्द फारसी पंब्यापासूनच आला आहे. पांढऱ्याशुभ्र कापसाच्या नावाने गुलाबी रंग ओळखला जावा याचे नवल ज्यांनी नुसता बाजारातला कापूस पाहिला आहे त्यांना वाटेल. ज्यांनी शेत पाहिले आहे त्यांना वाटणार नाही. अमेरिकी जातीच्या, म्हणजे आज जिल्ह्यात सर्वत्र लावल्या जाणाऱ्या पऱ्हाटीचे फूल सकाळी उमलते तेव्हा दुधाळ पांढरे असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते आणि मग मिटून गळते, तेव्हा त्याच्या जागी हिरवे बोंड दिसू लागते. एकाच झाडावर काल उमललेले गुलाबी आणि आज उमललेले पांढरे अशी दोन फुले शेजारी शेजारी असतात. वऱ्हाडचा जुना देशी कापूस, ज्याच्या उत्तम प्रतीस 'बनी' म्हणत आणि ज्याचा माल लिव्हरपूलच्या पेठेत अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून विकला जाई, त्याचे फूल पिवळे असे. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरचा पुरवठा तोडला तेव्हा इंग्रजांचे डोळे या पिवळ्या फुलांकडे वळले. त्यानंतर कापूस-आयुक्त नेमला गेला, १८७० मध्ये खामगावपर्यंत रूळ पोहोचले, १८८६ मध्ये कारंज्याची बाजारपेठ नियमांखाली आली, १८९७ मध्ये वऱ्हाडाच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यवतमाळास मूर्तिजापुराशी जोडणारी अरुंद रुळांची गाडी धावू लागली. हा सर्व इतिहास अन्यत्र विस्ताराने लिहिला गेला आहे, तेव्हा येथे त्याचा पाल्हाळ नको.

गुलाबी रंगाकडे परत येतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळसह साऱ्या विदर्भात गुलाबी बोंडअळीने कहर केला; जनुकबदल केलेल्या ज्या बियाण्याच्या भरवशावर कास्तकार निर्धास्त होता, त्याचा या अळीवरील प्रभाव सरला होता, आणि त्याच पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यातील अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तुर्कस्तानचा शेतकरी या अळीला 'पेंबेकुर्त' म्हणतो. कुर्त म्हणजे अळी. जो पंबा फारसी दफ्तराबरोबर वऱ्हाडात आला नाही, तो एका किडीच्या नावात अनातोलियाच्या शेतात जाऊन बसला आहे, आणि तीच कीड आपल्या शिवारात आहे. आपल्याकडे या अळीने आतून पोखरलेले फूल पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. त्याला 'डोमकळी' म्हणतात. एवढ्या दुखण्याला इतका नेमका शब्द शेतात तयार झाला आणि तो कृषिखात्याने आपल्या पत्रकांत उचलला, ही गोष्ट उलट दिशेने क्वचितच घडते.

संग्रहाच्या रचनेविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. बाजाराचे शब्द कोशांत मिळतात. करारनामे, पावत्या आणि निवाडे यांनी ते जपून ठेवले आहेत. शेताचे शब्द तसे जपले गेले नाहीत, आणि त्यांतही वेचणीचे शब्द सर्वांत कमी, कारण वेचणी बायांच्या हातची. पहिल्या वेच्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून पऱ्हाटीची जी पूजा करतात ती 'सीतादही'. कमरेला बांधलेल्या ओटीत बोंडातील कापूस पाकळ्यांचा पालापाचोळा न लागू देता काढण्याची जी हातोटी, तिला नाव नाही पण मजुरीत तिची किंमत धरली जाते. किडीने वा अवेळी पावसाने नासलेला, बोंडाला चिकटून राहिलेला पिवळट कापूस तो 'कवडी', जो चांगल्या कापसात मिसळला तर व्यापारी सगळ्या गंजीचा भाव पाडतो. म्हणून प्रचलित पद्धतीच्या उलट मी संग्रहाचा आरंभ टोबणीपासून केला आहे आणि शेवट अडत्याच्या ओट्यावर. दलाल, हर्रास, नमुना यांच्यासाठी शेवटची काही पाने पुरली. फारसी मूळ असलेल्या शब्दांपुढे तशी खूण केली आहे, आणि ती खूण पूर्वार्धात विरळ व उत्तरार्धात दाट झालेली वाचकास दिसेल.

सर्वांत लांब टीप 'फरदड' या शब्दाखाली आली आहे. शेवटच्या वेच्यानंतर पऱ्हाटी न उपटता, असलेच तर एखादे पाणी देऊन, तिच्याकडून आणखी थोडा कापूस काढायचा, याला फरदड म्हणतात. बेंबळा प्रकल्पाचे पाणी ज्यांच्या शेतापर्यंत पोहोचते त्यांना हा मोह अधिक. बोंडअळीला पुढल्या हंगामापर्यंत आसरा मिळतो म्हणून फरदड घेऊ नका, असे कृषिखाते दरवर्षी सांगते आणि ते शास्त्रशुद्ध आहे. कास्तकारही ते जाणतो, आणि तरी फेब्रुवारीत शेत उभे ठेवतो, कारण पहिल्या तीन वेच्यांचा पैसा बी-खताच्या उधारीत गेलेला असतो आणि घरात येईल तो चौथ्याच वेच्याचा.